इटलीत गाडी भाड्याने घेताय? काउंटरवरच्या टॅबलेटवर सही करण्याआधी हे वाचा

712.18 युरो. गाडी भाड्याने देणाऱ्या एका कंपनीने माझ्या क्रेडिट कार्डातून एवढी रक्कम उकळली, आणि तीही भाडं सोडून. भाडं आधीच ऑनलाइन भरलेलं होतं. वर परकी चलनातल्या खर्चावर बँक लावते तो 3.5 टक्के फॉरेक्स मार्कअप आणि त्या मार्कअपवर 18 टक्के जीएसटी, म्हणजे लुटले गेल्याचा करही मीच भरला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार अजून चालू आहे.

काउंटरवर जादा विमा गळ्यात मारतात, हे आता कोणाला सांगायला नको. मलाही माहीत होतं. म्हणूनच बुकिंग करतानाच बुकिंगच्या वेबसाइटचं 58.20 युरोंचं ‘फुल प्रोटेक्शन’ नावाचं विमा कव्हर घेतलं होतं, प्रिंट काढून फाइलला लावली होती. आरटीओतून काढलेलं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट, चालवणाऱ्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड, सगळं जय्यत. तेव्हा ‘नीट वाचून जायचं ना’ हे कृपया मला ऐकवू नका.

पिसा विमानतळावर गाड्यांची काउंटर मुख्य इमारतीत नाहीत, शटल बसने जावं लागतं. तिथे ही रांग. सासूबाई बॅगेवर टेकलेल्या, सासऱ्यांची गोळीची वेळ टळून गेलेली. काउंटरवरचा मुलगा मात्र साखरेहून गोड. माझी प्रिंट हातातही न घेता म्हणाला, “हा विमा आमच्याकडे चालत नाही.” हे अर्धं खरं असतं, म्हणून तर माणूस गप्प बसतो. वेबसाइटच्या विम्यात कंपनी आधी तुमच्याकडून वसूल करते आणि मग वेबसाइट तुम्हाला परत देते. त्यामुळे कंपनीला डिपॉझिट लागतंच. 1,200 युरो कार्डावर ब्लॉक होणार, म्हणजे कापले न जाता नुसते अडकून राहणार, हे मला मान्य होतं. तरी मी दोनदा सांगितलं, “नो एक्स्ट्रा इन्शुरन्स.” तो म्हणाला, “येस मॅडम, ओन्ली डिपॉझिट,” आणि टॅबलेट पुढे केला. पडद्यावर नुसती सहीची चौकट. मजकूर त्याने बोटाने आधीच वर सरकवलेला, उरला तो इटालियनमध्ये. सही केली, मशीनमध्ये पिन टाकला. मग त्याने मशीन पुन्हा पुढे सरकवलं. “अगेन प्लीज, डिपॉझिट.”

मी पुन्हा पिन टाकला.

डिपॉझिट एकच, मग पिन दोनदा कशाला? हा प्रश्न मला आता रात्री दोन वाजता पडतो, तेव्हा पडला नाही. पर्समध्ये फोन दोनदा थरथरला तेही कळलं होतं. एक मेसेज 1,200 चा, दुसरा 267.18 चा. पर्स उघडून तिथल्या तिथे बघितले असते तर त्याच्या तोंडावर फोन धरता आला असता. पण मागे माणसं खोळंबलेली, त्याने किल्ली हातात दिलेली, आणि समोरचा हसत बोलत असताना त्याच्यासमोर मेसेज तपासणं आपल्याला अपमानास्पद वाटतं. ते लोक नेमकं ह्यावरच पोट भरतात. करार ईमेलने आला रात्री. त्यात दिवसाला 36.50 युरोचं जादा कव्हर, वर 22 टक्के व्हॅट, आणि खाली माझी सही.

तर काउंटरवर कागदावर छापलेला करार मागा. नाहीच दिला तर टॅबलेट स्वतःच्या हातात घेऊन पहिल्या ओळीपासून वाचा, आणि मशीनवर रक्कम दिसल्याशिवाय पिन दाबू नका. ब्लॉक आणि पेमेंट ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रांगेतले लोक चडफडले तर चडफडू देत.

आता दुसरा हप्ता. परतीचं विमान पहाटेचं, काउंटर बंद, किल्ली पेटीत टाकायची. घरी पोचल्यावर मेल आला: चाकाच्या रिमला ओरखडा, 385 युरो, अधिक 60 युरो हाताळणी शुल्क. म्हणजे 445. माझ्या माथी मारलेल्या त्या कव्हरमध्ये हे नाही का? नाही! चाकं, काचा आणि गाडीचा खालचा भाग त्यातून वगळलेले. बहुतेक ठिकाणी असंच असतं, तेव्हा ‘फुल’ म्हणून जे विकतात त्यातून काय वगळलंय ते आधी विचारा.

सोबत पुराव्याचा फोटो. जवळून घेतलेलं एक चाक. नंबरप्लेट नाही, तारीख नाही. आणि चाक अलॉयचं, पाच दांड्यांचं. आमच्या गाडीला साधी लोखंडी चाकं होती, वर राखाडी प्लॅस्टिकचं झाकण! सिएनाच्या पार्किंगमध्ये सासूबाईंचा फोटो काढला होता, त्यात त्यांच्या गुडघ्याशेजारी ते झाकण स्वच्छ दिसतं. तो फोटो पाठवला. उत्तर आलं की आमच्या नोंदीनुसार रक्कम बरोबर आहे. पुन्हा लिहिलं. तेच उत्तर, खाली दुसऱ्याच कोणाचं तरी नाव.

वेबसाइटवाले म्हणाले, तुम्ही काउंटरवर दुसरं कव्हर घेतलंत, त्यामुळे आमचं लागू नाही. (58.20 युरो मात्र त्यांना लागू!) बँकेत तीन खिडक्या फिरवल्या. एकीने फॉर्म दिला, दुसरीने तो फॉर्म जुना म्हणून परत केला, तिसरीने सांगितलं, “पिन टाकलाय म्हणजे तुमची संमती आहे, मॅडम.” अहो, संमती डिपॉझिटला होती! पोलिसांकडे गेले तर हवालदारसाहेबांनी विचारलं, “गाडी कुठे घेतली? इटलीत? मग तक्रार इथे कशी घेणार?” तिथल्या पोलिसांना मेल केला तर प्रत्यक्ष येऊन तक्रार द्या म्हणे. 445 युरोंसाठी पुन्हा व्हिसा काढू? युरोपात सीमेपलीकडच्या व्यवहारांच्या तक्रारी बघणारी ग्राहक केंद्रं आहेत, पण ती युरोपीय संघ, नॉर्वे आणि आइसलँडमध्ये राहणाऱ्या ग्राहकांसाठी. आपण फक्त पैसे खर्च करायला जातो तिथे.

गाडी ताब्यात घेताना व्हिडिओ काढा, चारही चाकं, काचा, छप्पर, पेट्रोलचा काटा, नंबरप्लेट सगळं एका सलग शॉटमध्ये. परत करतानाही तसाच, पार्किंगच्या फलकासकट. शक्यतो काउंटर उघडं असताना गाडी द्या आणि ‘नुकसान नाही’ असं लिहून घ्या. विमानाच्या तिकिटात वाचलेले पैसे पहाटेच्या किल्लीपेटीत जातात. पेट्रोल भरल्याची पावती जपून ठेवा. आणि ब्लॉक सुटला म्हणजे सुटलो असं समजू नका. जुन्या शहरांच्या झेडटीएल भागात, म्हणजे परवानगी असलेल्या गाड्यांनाच प्रवेश असतो तिथे, कॅमेऱ्याने टिपलं तर दंडाची नोटीस परदेशी माणसाला 360 दिवसांपर्यंत येऊ शकते, आणि तुमचं नाव पोलिसांना कळवल्याचं शुल्क कंपनी दंडाशिवाय वेगळं कापते. तेव्हा त्या कार्डाचं लिमिट परत आल्या आल्या खाली आणा, परदेशी व्यवहार ॲपमधून बंद करा.

कोणाचं असं झालं असेल तर एक काम नीट करा. दोन्ही रकमांची डिस्प्यूट, म्हणजे कार्डातून गेलेल्या पैशांबद्दल बँकेकडे घ्यायची हरकत, एकाच फॉर्मवर टाकू नका. मी टाकली, आणि पिनवाल्या रकमेसोबत दुसरीही फेटाळली गेली. नंतर 445 ची वेगळी फाइल केली: पिन नाही, सही नाही, फोटोतलं चाक भलत्याच गाडीचं. ती त्यांनी निमूट दाखल करून घेतली, अजून पैसे आलेले नाहीत. 267.18 चा नाद मी सोडलाय.