आठ महिन्यांनंतर: कस्टम बेंचमार्क छान, पण डिव्हिडंड कुठे गेला?

या पोर्टफोलिओ ट्रॅकर ॲपचे वर्षाचे 1,499 रुपये मी भरले ते फक्त कस्टम बेंचमार्कसाठी, म्हणजे आपल्या गुंतवणुकीची तुलना करायला आपणच बनवलेल्या मापदंडासाठी. माझे 60 टक्के पैसे लार्ज कॅप (मोठ्या कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या) फंडांत, 30 टक्के पीपीएफमध्ये आणि 10 टक्के सोन्यात. असा पोर्टफोलिओ नुसत्या निफ्टीशी ताडून काहीच कळत नाही. म्हणून त्याच प्रमाणात निफ्टी 50, स्थिर 7.1 टक्के आणि सोनं असं मिश्रण केलं, दर 1 एप्रिलला रीबॅलन्सिंग, म्हणजे बिघडलेलं प्रमाण पुन्हा मूळ जागी आणणं, लावलं.

सहा महिने खूश होतो. माझा एक्सआयआरआर (प्रत्येक रकमेची तारीख धरून काढलेला वार्षिक परतावा) 11.5 टक्के, बेंचमार्कचा 11.1. फंड निवडायला घेतलेल्या कष्टांचं चीज झालं असं वाटत होतं.

दिवाळीच्या सुट्टीत तोच हिशेब एक्सेलमध्ये मांडला, तर बेंचमार्क 11.9 आला! सूत्रं दोनदा तपासली. चूक माझी नव्हती. ॲप निफ्टीचा साधा प्राइस इंडेक्स धरतं, त्यात डिव्हिडंड, म्हणजे कंपन्या वाटतात तो लाभांश, नसतो. मी घेतला होता टीआरआय, म्हणजे डिव्हिडंड पुन्हा गुंतवून काढलेला निर्देशांक. ग्रोथ फंडाच्या एनएव्हीत (एका युनिटच्या किमतीत) कंपन्यांचा डिव्हिडंड आलेलाच असतो, मग तुलनाही टीआरआयशीच हवी. फरक वर्षाला सव्वा टक्क्याच्या आसपास. 60 टक्के वजनाने पाऊण टक्का. म्हणजे मी पुढे नव्हतोच, मागे होतो. बाजार नियामक सेबीने फंड कंपन्यांना फेब्रुवारी 2018 पासून तुलनेसाठी टीआरआय सक्तीचा केलाय, आणि पैसे घेणारं ॲप अजून प्राइस इंडेक्सवर? तीन मेल केले. पहिल्याला उत्तर, ‘ॲप अपडेट करा’. दुसऱ्याला बेंचमार्क कसा बनवायचा याचा व्हिडिओ. तिसऱ्याला उत्तरच नाही.

एकच स्टार देणार होतो. पण एक्सेलमध्ये दोन रविवार घालवल्यावर कळलं की ॲप किती काम करतं. प्रत्येक एसआयपी, मध्येच काढलेली रक्कम, मार्चमधला बोनस, सगळं त्याच तारखेला तेवढ्याच रकमेने बेंचमार्कमध्येही गुंतवून दाखवतं. हे हाताने करताना जीव जातो.

मग एक वाट सापडली. घटक निवडताना ‘निफ्टी 50’ न घेता निफ्टी 50 इंडेक्स फंडाचा (निफ्टीतलेच शेअर त्याच प्रमाणात घेणाऱ्या फंडाचा) डायरेक्ट, म्हणजे एजंटच्या कमिशनविना, ग्रोथ प्लॅन घ्या. त्याच्या एनएव्हीत डिव्हिडंड येतो, खर्चही वजा झालेला असतो. म्हणजे मला खरोखर विकत घेता येईल अशा गोष्टीशी तुलना होते. आता बेंचमार्कचा आकडा 11.8 दिसतो.

तीन स्टार. ही वाट माहीत नसलेल्याला ॲप आजही फुगवलेलं यश दाखवतंय, म्हणून जास्त देत नाही. माझ्या दोनपैकी एका फंडाची एसआयपी या महिन्यात बंद केली आणि त्याच इंडेक्स फंडात सुरू केली.