स्लोव्हेनियाचे जिम्नॅस्ट शोधायला ऑलिम्पीडिया: काय मिळतं आणि कुठे चकवा बसतो

ऑलिंपिकचे जुने निकाल पाहायला पूर्वी बहुतेक जण स्पोर्ट्स रेफरन्स नावाच्या साइटच्या ऑलिंपिक विभागात जायचे. २०२०च्या मे महिन्यात तो विभाग बंद झाला आणि त्याची जागा ऑलिम्पीडियाने घेतली. दोन्हींमागे 'ऑलिमॅडमेन' नावाने ओळखला जाणारा इतिहासकारांचा आणि आकडेवारीवाल्यांचा तोच गट आहे. साइट फुकट आहे, लॉगिन लागत नाही, मजकूर फक्त इंग्रजीत. वरवर चाळायला ती उत्तमच आहे. पण अशा साइटचा खरा कस लागतो तो सरहद्दी बदललेल्या देशांपाशी, म्हणून इथे परीक्षेला स्लोव्हेनियाचं जिम्नॅस्टिक्स घेतलं आहे. जेमतेम वीस लाख वस्तीच्या या देशाचे जिम्नॅस्ट शंभर वर्षांपासून जागतिक पदकं मिळवत आले आहेत, आणि त्यातली सगळ्यात मोठी पदकं स्लोव्हेनियाच्या झेंड्याखाली नोंदलेलीच नाहीत.

पहिला चकवा इथेच बसतो. देशांच्या यादीत 'स्लोव्हेनिया' उघडलं की नोंदी सुरू होतात १९९२पासून. ऑलिंपिक सुवर्ण जिंकलेले जिम्नॅस्ट लेऑन श्तुकेल नाहीत, मिरोस्लाव्ह त्सेरार नाहीत. दोघेही युगोस्लाव्हियाच्या खात्यात आहेत, कारण तेव्हा स्लोव्हेनिया त्या देशाचा भाग होता. ऑलिंपिकच्या नियमांप्रमाणे ते बरोबरच आहे, खेळाडू ज्या देशाकडून उतरला तोच देश लागतो. पण युगोस्लाव्हियाचं पान उघडलं तर सर्ब, क्रोएट, स्लोव्हेन सगळे एकत्र येतात आणि निवड करता करता वेळ जातो.

उपाय साइटमध्येच आहे. खेळाडूच्या पानावर जन्मस्थळ आजच्या देशाच्या संकेतासह दिलेलं असतं आणि त्या गावाच्या नावावर क्लिक करता येतं. श्तुकेल यांच्या पानावरून नोव्हो मेस्टो उघडा, तिथे जन्मलेल्या आणि वारलेल्या ऑलिंपियनांची यादी समोर येते. लुब्लियाना उघडलं की त्सेरार आणि १९२८चे रौप्यविजेते योसिप प्रिमोझिच एकाच यादीत सापडतात, मग झेंडा कुठलाही असो. ही सोय इतकी कामाची आहे की ती मुख्य मेनूत ठळक का दिसत नाही, याचं नवल वाटतं.

नावांच्या स्पेलिंगवर फार विसंबू नका. स्लोव्हेन नावांत अक्षरांवर चिन्हं असतात आणि जुन्या छापील साहित्यात एकाच माणसाची दोन-तीन स्पेलिंगं आढळतात. शोध फसला तर 'एडिशन्स'मधून वर्ष, मग आर्टिस्टिक जिम्नॅस्टिक्स, मग साधन, या क्रमाने खाली उतरा. १९२४, पॅरिस, हॉरिझॉन्टल बार (उंचावरची आडवी दांडी). पहिलं नाव श्तुकेल यांचं, गुण १९.७३०.

ऑलिम्पीडियाची खरी श्रीमंती या स्पर्धांच्या पानांवर आहे. पॅरिसचं वैयक्तिक सर्वसाधारण विजेतेपद (सगळ्या साधनांच्या गुणांची बेरीज) बघा: श्तुकेल ११०.३४०, चेकोस्लोव्हाकियाचे रॉबर्ट प्राझाक ११०.३२३. फरक ०.०१७! तिसरा आलेला बेद्रिख शुप्चिक थेट १०६.९३०वर. त्या बेरजेत आजच्या सहा साधनांपैकी जमिनीवरच्या कसरती नव्हत्या. उलट दोरीवरची चढाई आणि आडव्या घोड्यावरून उडी होती. हे लक्षात न घेता आजच्या स्पर्धांशी तुलना केली तर ती फसणारच. आणखी एक गोष्ट: साधनांच्या वेगळ्या अंतिम फेऱ्या १९६०पासून सुरू झाल्या. त्याआधीच्या पानांवर 'फायनल'चा तक्ता शोधू नका. बहुतेक वेळा सर्वसाधारण स्पर्धेतल्या कसरतींचेच गुण वेगळे काढून पदकं दिली जायची.

गुणांबाबत आणखी एक खाच. १९२८च्या ॲमस्टरडॅमला श्तुकेल यांनी रिंग्जवर (लोंबत्या कड्यांवर) सुवर्ण जिंकलं. त्याचे गुण कुठे ५७.७५ दिसतात, कुठे १९.२५. चूक कुणाचीच नाही. पहिल्या आकड्याला तीनाने भागलं की दुसरा मिळतो. पण लेख लिहिताना एका पदकाचा आकडा इकडून आणि दुसऱ्याचा तिकडून उचलला की तुलना वेडीवाकडी होते. एका तक्त्यासाठी एकच स्रोत धरा. त्सेरारांच्या काळात हिशेब पुन्हा बदलतो: सक्तीच्या (सर्वांना ठरवून दिलेल्या) आणि ऐच्छिक कसरतीची सरासरी अधिक अंतिम फेरीचे गुण, म्हणजे कमाल वीस. १९६४ला टोकियोत पॉमेल हॉर्सवर (मुठी लावलेल्या घोड्यावर) त्यांचे १९.५२५, दुसऱ्या क्रमांकापेक्षा ०.२ जास्त. १९६८ला मेक्सिको सिटीत १९.३२५, आणि या वेळी फरक फक्त ०.१. टोकियोत हॉरिझॉन्टल बारवर कांस्यही आहे, १९.५००, त्यांच्या पुढे शाखलिन आणि तितोव्ह हे दोघे सोव्हिएत.

खेळाडूंची छोटी चरित्रं चांगली आहेत, कोरडी नाहीत. श्तुकेल यांची सहा पदकं (तीन सुवर्ण, एक रौप्य, दोन कांस्य) तीन ऑलिंपिकांत विखुरलेली आहेत. शेवटचं रिंग्जवरचं रौप्य १९३६च्या बर्लिनमध्ये, वयाच्या ३७व्या वर्षी, ॲलॉइस हुदेक यांच्या मागे. (त्याच वर्षी त्याच शहरात अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने आपले खेळ दाखवले होते. पदकांच्या तक्त्यात अशा प्रात्यक्षिकांना जागा नसते.) पेशाने ते न्यायाधीश. १९९६च्या अटलांटाच्या उद्घाटनाला हयात सुवर्णविजेत्यांतले सर्वांत वयोवृद्ध म्हणून ते मैदानात आले, आणि १९९९च्या नोव्हेंबरात, १०१व्या वाढदिवसाला चार दिवस उरले असताना मारिबोरमध्ये वारले. शंभरी गाठलेल्या ऑलिंपियनांची वेगळी यादीही साइटवर आहे.

आता उणीव. ऑलिम्पीडिया हे ऑलिंपिकचंच दप्तर आहे. जागतिक आणि युरोपीय पदकं बऱ्याच पानांवर तळाशी टिपांमध्ये येतात, पण संपूर्ण निकाल नाहीत. त्यामुळे पेटर शुमी यांचं मोठेपण इथल्या पदकांच्या तक्त्यांतून कळत नाही. ते १९२२ला लुब्लियानात आणि १९२६ला ल्योंमध्ये सर्वसाधारण जगज्जेते होते, पहिल्या वेळी चेक खेळाडूसोबत संयुक्त. प्रिमोझिच यांचं १९२८चं पॅरलल बारवरचं (दोन समांतर दांड्यांवरचं) रौप्य ठळक दिसतं, मात्र १९३०चं लक्झेंबर्गचं जगज्जेतेपद तक्त्याबाहेर राहतं. त्सेरार पॉमेल हॉर्सवर १९६२, १९६६ आणि १९७०ला जगज्जेते होते. ही सलग साखळी बघितल्याशिवाय त्या दोन ऑलिंपिक सुवर्णांचं वजन कळत नाही.

सगळ्यात मोठं भोक अल्याझ पेगन यांचं. २००५ला मेलबर्नमध्ये हॉरिझॉन्टल बारवर ते जगज्जेते झाले. २००२, २००६ आणि २००७ला रौप्य. पण ऑलिंपिक एकदाही नाही. त्यांच्या काळात ऑलिंपिकच्या जागा प्रामुख्याने संघांना आणि सर्व साधनांवर उतरणाऱ्यांना मिळत. छोट्या देशाचा, एकाच साधनावर हात बसलेला खेळाडू त्या चाळणीतून गळतो. मेलबर्नमध्येच पॅरलल बार जिंकणारे मित्या पेत्कोव्शेक ऑलिंपिक खेळलेले असल्याने इथे भेटतात, पेगन ऑलिंपिक स्पर्धकांच्या यादीत येऊच शकत नाहीत. साइटवर नाही म्हणून खेळाडू दुय्यम, असा निष्कर्ष काढू नका.

मोबाइलवर जुने तक्ते रुंद पडतात, फोन आडवा धरा. व्हिडिओ नाहीत. ऑलिंपिकपुरतं बोलायचं तर पाचपैकी साडेचार. स्लोव्हेनियाचं जिम्नॅस्टिक्स समजून घ्यायचं तर साडेतीन, कारण निम्मी गोष्ट दुसरीकडे आहे. ती आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघाच्या साइटवर शोधा. पेगन यांच्यासाठी तिथूनच पुरुषांचं 'कोड ऑफ पॉइंट्स' (गुण देण्याची नियमावली) फुकट उतरवून घ्या आणि हॉरिझॉन्टल बारच्या प्रकरणात बार सोडून पुन्हा पकडण्याच्या घटकांचा गट उघडा. बारवरून पुढे कोलांटी घेणाऱ्या 'गेलॉर्ड'ला अर्धा वळसा जोडला की जो घटक होतो, तो चित्रासकट 'पेगन' याच नावाने छापलेला आहे.