एकच गोधडी की तीस चौकोन?

"आम्ही सगळ्या मिळून गोधडी करतोय, येतेस का?" असा निरोप आला की हो म्हणण्याआधी एवढं विचारून घ्या: एकत्र बसून शिवायची आहे, की घरी चौकोन करून नंतर जोडायचे आहेत? दोन्हीला गोधडीच म्हणतात, पण कामं पार वेगळी. मी दोन्ही करून बसले आहे.

बसून शिवायची रीत आपल्या घरातलीच. खाली सुती लुगड्याचं अस्तर, मध्ये जुन्या साड्यांचे दोन-तीन थर, वर तुकडे. जमिनीवर ताणून, सुरकुत्या काढून, कच्च्या दोऱ्याने टाचलं की चौघी चार बाजूंना बसतात. धावदोरा कडेकडून आत सरकतो आणि त्याच्यामागोमाग बायकाही. पहिल्या दिवशी "ती कात्री फेक गं इकडे" म्हणावं लागतं, शेवटच्या दिवशी गुडघ्याला गुडघे लागतात. एकीचा टाका तांदळाएवढा, दुसरीचा चवळीएवढा. पण तो फरक इथे शोभून दिसतो. कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी (मूळच्या आफ्रिकी वंशाच्या) बायकांची गोधडी, म्हणजे कवंदी, हीसुद्धा अशीच कडेकडून मध्याकडे येते. फक्त त्या तुकडे आधी जोडून घेत नाहीत, थेट खालच्या कापडावरच लावत जातात. नवशिकीला हे सोपं, कारण चुकलं तर शेजारणीचं लक्ष असतंच. (कधीकधी जरा जास्तच. माझे टाके एका बाईंनी मी चहा ठेवायला गेले तेवढ्यात उसवले होते.)

अडचण जागेची आणि वेळेची. गोधडी आठवडाभर तरी पसरलेली राहील अशी खोली हवी, दुपारी मोकळ्या हव्यात आणि मांडी घालून बसता यायला हवं. अंगुस्तान (सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची टोपी) स्वतःचं न्या. जीन्सचे तुकडे आणू नका, सुई मोडते.

चौकोनांचं उलट. रात्री अकराला, टीव्हीसमोर, तुमच्या सवडीने करा. परगावची नणंद कुरिअरने पाठवू शकते. 12 इंचांचे चौकोन, पाच आडवे आणि सहा उभे, म्हणजे तीस चौकोनांत 5 बाय 6 फुटांची गोधडी. त्यासाठी कापड साडेबारा इंचांचं कापायचं, कारण चारी बाजूंनी पाव पाव इंच शिवणीत जातं. हे सगळ्यांना सांगितलं होतं. तरी चार चौकोन बरोबर 12 इंचांचे आले, एक तेराचा, आणि एका लाल खणाने पहिल्याच धुण्यात शेजारचे तीन गुलाबी केले. पाव इंच शिवण इथे सोडलीत की ओळ वाकडी होते. 1987 पासून अमेरिकेत एड्सने गेलेल्यांच्या आठवणीसाठी हजारो लोकांनी जी प्रचंड गोधडी केली, तिथे प्रत्येक तुकड्याचं माप 3 बाय 6 फूट असं ठरलेलं आहे. म्हणून तर तसे आठ तुकडे जोडून 12 फुटांचा चौकोन होतो.

खरी मेख मात्र जोडणीत आहे. तीस जणी एकेक चौकोन करतात आणि जोडणारी एकटी असते. ती कोण, हे कोणी बोललं नसेल तर ती तुम्हीच आहात असं धरून चाला. सगळ्यांना एकच पुठ्ठ्याचा साचा वाटला जाणार असेल आणि कापड आधी धुऊन घ्यायचं ठरलं असेल, तरच या प्रकाराला हो म्हणा.

तिसरा प्रकार फिरत्या गोधडीचा: मधला तुकडा घरोघर जातो आणि जी ती आपली किनार लावते. कोणाच्या तरी घरी लग्न निघतं आणि गोधडी तिथेच मुक्काम करते. पाचापेक्षा जास्त जणी असतील तर नको.

नोकरी, लहान मूल, लांबचं घर असेल तर चौकोन घ्या. दुपारी मोकळ्या असतील तर डोळे मिटून बसून शिवायला जा. मला विचाराल तर मी पुन्हा तिथेच जाईन, टाके उसवणाऱ्या बाईंसकट.

आणि तयार गोधडी कोणाकडे जाणार, हे पहिल्या टाक्याआधी ठरवा. आमची तीस चौकोनांची वर्षभर माझ्या कपाटात पडून आहे.