मुलांच्या मकतबचा वर्षभराचा अनुभव : नाजरा उत्तम, अरबी भाषा मात्र फलकापुरती

कुर्ल्यात आमच्या घराजवळच्या मशिदीच्या वरच्या मजल्यावर भरणाऱ्या मकतबमध्ये (मुलांच्या धार्मिक शिकवणीच्या वर्गात) माझी मुलगी आणि तिच्याहून धाकटा मुलगा गेल्या जूनपासून जात आहेत. प्रवेशाच्या वेळी फलकावर ‘अरबी व कुरआन वर्ग’ असे लिहिलेले होते. इतक्या महिन्यांनंतर माझे मत असे झाले आहे की पठण, म्हणजेच नाजरा (कुरआन पाहून शुद्ध वाचणे), शिकवायचे असेल तर हा वर्ग निःशंकपणे निवडावा, पण मूल अरबी भाषा शिकून येईल या अपेक्षेने कोणी पैसे भरू नयेत.

पठण चांगले होण्याचे कारण एकच आहे : उस्ताद प्रत्येक मुलाला समोर बसवून त्याचा सबक (धडा) स्वतंत्रपणे ऐकतात. शिकवणी ‘नूरानी कायदा’ या अरबी अक्षरओळखीच्या पुस्तिकेवरून चालते. सुटी अक्षरे, जोडाक्षरे, मग जबर-जेर-पेश (अ, इ, उ यांची स्वरचिन्हे), तनवीन (शब्दाअखेरचा ‘न’चा उच्चार), मद्द (स्वर लांबवणे), तश्दीद (अक्षराचे द्वित्व) अशा क्रमाने तख्त्या (धडे) पुढे जातात आणि आधीची तख्ती हिज्जे करून (अक्षरे फोडून) व सलग अशा दोन्ही प्रकारे म्हणता आल्याशिवाय पुढची मिळत नाही. पास झालेल्या ओळीशेजारी समासात उस्ताद पेन्सिलीने तारीख घालतात. मुलीच्या कायद्यात मद्दच्या एका ओळीशेजारी तीन तारखा आहेत, त्यांपैकी दोन खोडलेल्या. मोठ्या आवाजात सामुदायिक घोकंपट्टी करणाऱ्या वर्गात ती ओळ पहिल्याच दिवशी ‘झाली’ असती.

घरी मराठी आणि कोकणी बोलणाऱ्या मुलांना से, सीन आणि स्वाद या तिन्ही अरबी अक्षरांसाठी एकच ‘स’ ठाऊक असतो. ऐन आणि हमजा या अक्षरांतला फरक तर कानालाच कळत नाही. ‘से’साठी उस्ताद मुलांच्या हातात खिशातला आरसा देतात आणि जिभेचे टोक वरच्या दातांच्या कडेला दिसले तरच मान डोलावतात. सूरा इख्लास या कुरआनातल्या छोट्या अध्यायाच्या चारही आयती (वचने) दाल या अक्षराने संपतात आणि तेथे थांबताना कल्कला करावा लागतो, म्हणजे अक्षर गिळून न टाकता किंचित उसळू द्यावे लागते. आमच्या चिरंजीवांनी नव्या उत्साहात ती उसळी इतकी वाढवली की ‘अहद’ला शेवटी आणखी एक अकार चिकटला. तो सुटायला बरेच दिवस गेले. सूरा फातिहाच्या अखेरच्या शब्दातली मद्द सहा हरकतींपर्यंत (मात्रांपर्यंत) लांबवायची असते. ती दोघेही आता बोटे दुमडून मोजतात.

आता भाषेविषयी. कायदा संपवून मुलगी अम्मा पाऱ्यावर (कुरआनच्या तिसाव्या, शेवटच्या भागावर) आली आणि समोरचे पान न अडखळता वाचू लागली, परंतु सर्वनाम, क्रियापद, साधे वाक्य यांपैकी काहीही वर्गात कधी शिकवले गेले नाही. कुवेतहून तिच्या मामांनी पाठवलेल्या खजुराच्या डब्यावरचा अरबी मजकूर वाचायला ती मोठ्या हौसेने बसली आणि पहिल्याच ओळीत थांबली. यात तिचा दोष नाही. कुरआनच्या छापील प्रतीत अक्षरांवर स्वरचिन्हे असतात, तर रोजच्या व्यवहारातली अरबी बहुतेक वेळा त्यांच्याशिवाय लिहितात, आणि ती वाचायला शब्द व व्याकरण आधी माहीत असावे लागते. म्हणजे नाजरा कितीही पक्का झाला तरी त्यातून भाषा आपोआप येत नाही. संचालकांकडे मी विषय काढला तेव्हा “पुढच्या वर्षी बघू, भाभी” एवढेच उत्तर मिळाले. अर्थासाठी आम्ही घरी मराठी अनुवाद घेऊन रोज एखादी छोटी सूरा वाचतो.

कोकणी कुटुंबांनी प्रवेशापूर्वी आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी. आपण शाफई, आणि मुंबईतल्या अनेक मकतबांचे शिक्षक हनफी; इस्लामी आचाराच्या या दोन वेगळ्या परंपरा. पठणात त्याने काही बिघडत नाही, परंतु नमाजचा सराव सुरू झाला की रुकूला जाताना (कमरेत वाकताना) हात उचलायचे की नाही, फजरला (पहाटेच्या नमाजला) कुनूत ही विशेष प्रार्थना म्हणायची की नाही, असे प्रश्न मुले घरी आणतात. आमच्या उस्तादांनी “घरी अब्बा जसे पढतात तसेच पढ, बेटा” असे मुलाला सरळ सांगितले, याचे मला विशेष वाटले. सगळीकडे असे होईलच असे नाही.

वेळापत्रकाचा त्रास मात्र खरा आहे. वर्ग असर (दुपारनंतरची नमाज) ते मगरिब (सूर्यास्ताची नमाज) असा असल्यामुळे जुलैत सूर्यास्त सव्वासातच्या पुढे असताना भरपूर वेळ मिळतो. डिसेंबरच्या आरंभी सहाच्या सुमारासच मगरिब होते आणि शाळेतून धावत आलेल्या मुलाच्या वाट्याला जेमतेम काही मिनिटे येतात. त्यातच दिवाळीनंतर पटसंख्या वाढली आणि लहान मुलांचा सबक एका मोठ्या विद्यार्थ्याकडे सोपवला गेला. तो मुलगा सज्जन आहे, पण पाच-सहा जणांना एकदम म्हणायला लावतो. माझ्या मुलाच्या कायद्यात त्या काळात तारखा भराभर पडल्या आणि ‘हा’ (ح) व ‘हे’ (ه) ही अक्षरे उच्चारात पुन्हा एक झाली. तक्रार केल्यावर त्याला परत उस्तादांसमोर बसवले, तेव्हा चार तख्त्या मागे जावे लागले. चौकशीला जाणाऱ्यांनी फी आणि पंख्यांची संख्या नंतर पाहावी, आधी सबक कोण ऐकतो ते पाहावे.

प्रतीबाबतही काळजी घ्यावी. वर्गात भारतीय छापाची प्रत वापरतात आणि मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये बहुधा मदिना छाप असतो. पाठ एकच असला तरी सुकूनची (अक्षराला स्वर नसल्याची) खूण आणि काही चिन्हे निराळी दिसतात, त्यामुळे नवशिके मूल गोंधळते. आम्ही मोहम्मद अली रोडवरून वर्गातल्यासारखीच प्रत आणली आणि अ‍ॅप फक्त ऐकण्यापुरते ठेवले.

मुलीला हिफ्जला (कुरआन तोंडपाठ करायला) बसवण्याचा आग्रह आता सुरू झाला आहे. तिचा नाजरा पूर्ण होईपर्यंत आम्ही नकार कळवला आहे. मुलाला पुढच्या वर्षी येथेच ठेवणार आहोत, मात्र उस्तादांच्याच रांगेत, हे प्रवेश अर्जावर लिहून घेतले आहे. अरबी भाषेसाठी दोघांकरिता वेगळ्या शिक्षिकेचा शोध चालू आहे.