दहावीतल्या मुलीसाठी करिअर समुपदेशन : सव्वा वर्षानंतरचा आमचा अनुभव

करिअर समुपदेशनावर साडेपाच हजार रुपये खर्च करावेत का, असं ओळखीतल्या बऱ्याच आया मला विचारतात. माझं उत्तर हो असं आहे. पण पैसे चाचणीसाठी द्यायचे नाहीत. चाचणीनंतर मुलीशी आणि आपल्याशी जे बोलणं होतं, त्यासाठी द्यायचे. ते बोलणं होणार नसेल तर नुसती चाचणी करून घेऊ नका.

आम्ही सांगलीत राहतो. मुलगी मराठी माध्यमातली, सध्या सरकारी तंत्रनिकेतनात सिव्हिल डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला आहे. दहावीच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही एका समुपदेशक मॅडमकडे गेलो. त्यांचं शिक्षण मानसशास्त्रातलं. कुठल्या क्लासकडून किंवा कॉलेजकडून कमिशन घेता का, हे मी फोनवरच विचारलं होतं आणि त्यांनी सरळ नाही म्हणून सांगितलं. हा प्रश्न विचारायला लाजू नका. त्याआधी एका क्लासच्या मोफत शिबिरात मुलीची चाचणी झाली होती. सगळे प्रश्न इंग्रजीत. निकालात भाषेची क्षमता ‘कमी’, आणि ही मुलगी दिवाळी अंक हातात पडला की रात्रीत संपवते! शिफारस मेडिकलची, आणि त्याच संध्याकाळी दोन वर्षांच्या इंटिग्रेटेड बॅचसाठी फोन. बोटांचे ठसे घेऊन मुलाचा कल सांगणारेही आमच्याकडे फिरत असतात. त्याला काहीही शास्त्रीय आधार नाही, तिकडे जाऊच नका.

मॅडमकडची चाचणी मराठीत होती आणि अर्धा दिवस चालली. आवड वेगळी मोजली, क्षमता वेगळी मोजली. राज्यात 2016 पासून दहावीच्या मुलांची कल चाचणी सुरू झाली ती मुख्यतः आवडीची होती. शेती, वाणिज्य, कला, तांत्रिक, आरोग्य, गणवेशधारी सेवा अशा क्षेत्रांपैकी मूल कुठे झुकतं एवढं ती सांगायची. क्षमतेच्या चाचणीत काम करून दाखवावं लागतं. उलगडलेल्या खोक्याचं चित्र देतात आणि घडी घातल्यावर तो कसा दिसेल ते ओळखायला सांगतात, आकड्यांच्या मालिका असतात, वेळ लावून जोड्या तपासायच्या असतात. आमच्या मुलीला आकृत्यांमध्ये फार चांगले गुण मिळाले, गणितात चांगले, आणि पाठांतरात जेमतेम.

अहवाल जाडजूड होता, पण त्यातली बरीचशी पानं कुठल्याही मुलाला लागू पडतील अशी छापील. कामाची पानं दोन. पुढे सुचवलेल्या करिअरची भलीमोठी यादी होती, तिचा आम्हाला काडीचाही उपयोग झाला नाही.

उपयोग झाला तो पुढच्या भेटीचा. मॅडमनी तिला शाळा-अभ्यास सोडून विचारलं, कोणी न सांगता तू काय करत बसतेस? तिने पुराची वही सांगितली. 2019 च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं होतं. तेव्हा ती प्राथमिक शाळेत होती. त्यानंतर तिने एका वहीत आमच्या भागाचा नकाशा काढायला घेतला : किती फुटांना कोणत्या गल्लीत पाणी शिरतं, कोणाच्या भिंतीवर कुठवर खूण राहिली, कुठला रस्ता आधी बंद होतो. दर पावसाळ्यात पाण्याची पातळी ऐकली की ती वही निघायची. घरात सगळ्यांना ती माहीत होती. पण तिचा शिक्षणाशी काही संबंध आहे, हे जोडून दाखवायला मॅडम लागल्या. त्यांनी वही मागवून घेतली, एकेक पान बघितलं आणि म्हणाल्या, “तू जे करतेस त्याला समोच्च रेषांचं, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचं काम म्हणतात. हे लोक पगार घेऊन करतात.” माझी मुलगी कोणाकडे इतकं टक लावून बघताना मी पाहिली नव्हती.

मग त्यांनी गृहपाठ दिला. एक दिवस आत्याबरोबर मिरजेला तिच्या दवाखान्यात बसायचं, आणि एक दिवस जमीन मोजणाऱ्यांबरोबर जायचं. दवाखान्यात ती कंटाळली नाही, रक्ताला घाबरलीही नाही, पण घरी आल्यावर सांगण्यासारखं तिच्याकडे काही नव्हतं. मोजणीहून आली ती उन्हाने काळवंडून, आणि जेवणाच्या ताटावर टोटल स्टेशन हे मोजणीचं यंत्र कसं लावतात, तिवई समपातळीत कशी आणतात हे अर्धा तास सांगत राहिली. माझ्या मते साडेपाच हजारांतले निम्मे इथेच वसूल झाले.

उरलेले निम्मे आमच्या दोघांच्या भेटीत. ह्यांची बहीण डॉक्टर, त्यामुळे घरात दुसरी डॉक्टर व्हावी ही ह्यांची फार इच्छा. मॅडमनी ती इच्छा कुठेही खोडून काढली नाही. नीटचा, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा कागद समोर ठेवला. 180 प्रश्न सोडवायचे, त्यातले 90 जीवशास्त्राचे. 2025 ला ही परीक्षा 22 लाखांवर मुलांनी दिली आणि देशात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास आहेत. आम्ही गेलो तेव्हाही प्रमाण साधारण असंच होतं. मग त्यांनी ह्यांना विचारलं, “पहिल्या वेळी नंबर लागला नाही तर किती वेळा रिपीट करू द्यायचं, ते आज ठरवू या का?” हे बराच वेळ गप्प राहिले. नंतर मनातलं बोलले : मुलगी साइटवर उन्हात उभी राहणार, तिला कोण विचारणार? मॅडमनी त्याचंही उत्तर दिलं. डिप्लोमा सिव्हिलवर सार्वजनिक बांधकाम, जलसंपदा, नगरपालिका इथे कनिष्ठ अभियंत्याच्या परीक्षा देता येतात. मोजणी, नकाशे, डिझाइन ही कामं वेगळीच. आम्ही दोघं घरी बोलायला बसलो की दहा मिनिटांत भांडण व्हायचं. तिसरं जाणतं माणूस समोर असलं की बाप आपली भीती बोलून दाखवू शकतो, हे मी तिथे पाहिलं.

डिप्लोमाच घ्या असं मॅडम कधीच म्हणाल्या नाहीत. अकरावी-बारावी सायन्स गणितासह केलं तर आर्किटेक्चर, बी.एस्सी., इंजिनिअरिंग सगळं खुलं राहतं, डिप्लोमात सोळाव्या वर्षीच शाखा ठरते, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. तीन वर्षांनी इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, पण तिथे एम-थ्रीला, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरला डिप्लोमाची मुलं अडखळतात, हेही सांगितलं. निर्णय मुलीने निकालानंतर घेतला. टक्के चांगले पडले होते, त्यामुळे नातेवाइकांनी “एवढे मार्क पडून डिप्लोमा?” म्हणून आम्हाला भंडावलं. तेव्हा तिच्याकडे स्वतःचं उत्तर होतं, आम्हाला मध्ये पडावं लागलं नाही.

आता कमी कुठे पडलं ते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला पुस्तकं इंग्रजीत आल्यावर पहिले दोन महिने किती जड जातील, याची कल्पना मॅडमनी द्यायला हवी होती. त्या काळात ती रोज रडायची. आम्ही परत फोन केला तेव्हा त्यांनी जादा पैसे न घेता बोलावलं, पण हे आधी कळलं असतं तर मे महिन्यात तयारी झाली असती. शिष्यवृत्त्या आणि प्रवेशाच्या फेऱ्यांबद्दलही त्यांची माहिती जुनी होती. ते सगळं आम्ही तंत्रनिकेतनाच्या सुविधा केंद्रात जाऊन विचारलं.

पहिल्या सेमिस्टरला गणितात काठावर निघाली, ड्रॉइंगच्या शीट मात्र वर्गात दाखवायला घेतल्या. मॅडमशी पुढची भेट उन्हाळ्यात आहे, ती गणितासाठीच.

तुम्ही जाणार असाल तर नववीच्या मे महिन्यात किंवा दहावीच्या दिवाळीत जा. निकाल लागल्यावर समुपदेशकांकडे झुंबड असते आणि दवाखाना बघ, मोजणी बघ म्हणायला दिवसच उरत नाहीत. फी ठरवताना पालकांची वेगळी भेट आणि वर्षभरातली फेरभेट त्यात धरली आहे का ते विचारा. चाचणी मूल शिकतं त्या भाषेत मागा. आणि आई-वडील दोघंही जा; एकानेच जाऊन येऊन दुसऱ्याला सांगितलं तर घरी तोच वाद पहिल्यापासून सुरू होतो.