डिप्रेशन आणि नात्यातली ओढाताण: सीबीटी, आयपीटी, डीआयटी की कपल थेरपी, कुठली घ्यावी?

डिप्रेशन आणि घरातली रोजची कटकट हातात हात घालून आले की आधी काय सुरू झालं तेच कळत नाही. मन मेलंय म्हणून भांडणं होतायत की भांडणांनी मन मेलंय? अशात कोणीतरी सांगतं की थेरपी घे, कमी मुदतीची असते, ६ ते २० सेशनमध्ये संपते, आणि तुम्ही शोधायला बसता तर समोर नुसती अक्षरं, सीबीटी, आयपीटी, डीआयटी, आणि प्रत्येकीखाली लिहिलेलं की ही पुराव्यांवर आधारलेली आहे. ते खरंही आहे. डिप्रेशनवर या सगळ्यांचा उपयोग होतो आणि सरासरी काढली तर त्यांच्यात फार मोठा फरक निघत नाही, त्यामुळे सगळ्यात भारी कुठली हे विचारून काही हाती लागत नाही. आपलं घोडं नेमकं कुठं अडलंय ते बघायचं, त्यावरून निवड बरीच सोपी होते असं माझं मत आहे.

म्हणून एकच माणूस घेऊ आणि त्याला सगळीकडे नेऊन बघू. समजा चाळिशीकडे झुकलेला, बायकोची बदली झाली म्हणून कोल्हापूरची नोकरी सोडून पुण्यात आलेला. इथे मनासारखं काम नाही, ओळखी नाहीत, बायको रात्री नऊला थकून येते, हा तोवर घुम्यासारखा बसलेला. ती विचारते काय झालं, हा म्हणतो काही नाही. झोप उडालीय, भूक नाही, आपली कोणाला किंमत नाही हे डोक्यात सतत.

सीबीटी म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी, विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारी. सीबीटीवाल्याकडे गेला तर तो एखादा क्षण धरेल. काल साडेआठला बायकोने फोन कट केला, तेव्हा मनात काय आलं? "हिला मी ओझं झालोय." मग हा विचार वहीत लिहायचा, त्याच्या बाजूचं काय विरुद्ध काय ते तपासायचं, आणि आठवडाभराचा होमवर्क. १९६० च्या दशकात फिलाडेल्फियात आरोन बेक यांनी ही पद्धत घडवली. तिची सख्खी नातेवाईक म्हणजे अल्बर्ट एलिस यांची आरईबीटी, म्हणजे अविवेकी विचार शोधून बदलायची पद्धत, ती आपल्याकडे कि. मो. फडके यांच्यामुळे आणि पुढे आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये ठाण्यात सुरू केलेल्या आयपीएच या मानसिक आरोग्याच्या संस्थेमुळे मराठीत चांगली रुजलीय, विवेकनिष्ठ विचार वगैरे शब्द आपल्याला ओळखीचे वाटतात ते त्यामुळेच. मराठीतून बोलणारा थेरपिस्ट मिळायची शक्यता याच वाटेवर सगळ्यात जास्त. पण एक सांगतो, बायको खरंच रोज टाकून बोलत असेल तर "तुझा विचार तपासून बघ" एवढ्याने भागत नाही, तिथे माणसाला वाटतं की दोष पुन्हा माझ्याच डोक्याचा काढला. चांगला थेरपिस्ट हे ओळखतो आणि परिस्थिती बदलण्यावरही काम करतो, कच्चा असेल तर वही भरत राहते आणि घरात तेच चालू.

आयपीटी, म्हणजे इंटरपर्सनल थेरपी, नात्यांवर काम करणारी, मला अशा केसमध्ये जास्त जवळची वाटते. जेराल्ड क्लेरमन आणि मिर्ना वाइसमन यांनी अमेरिकेत १९७० च्या दशकात बांधलेली, साधारण १२ ते १६ सेशनची. यात सुरुवातीलाच स्पष्ट सांगतात की हा आजार आहे, तुम्ही आळशी नाही, आणि हे घरच्यांसमोर कोणीतरी जाणकाराने म्हणणं आपल्याकडे किती गरजेचं असतं ते ज्यांनी सहन केलंय त्यांना विचारा. मग आयुष्यातल्या सगळ्या माणसांबद्दल एकेक करून बोललं जातं, कोणाशी कसं आहे, कोणाकडून काय हवंय. त्यातून चारपैकी एखादा धागा निवडतात: कोणी जवळचं गेल्याचं दुःख, कोणाशी तरी अडकलेला वाद, आयुष्यात झालेला मोठा बदल, किंवा मुळात नातीच जमत नसणं. आपल्या कोल्हापूरकराचा बदलाचा धागा तर उघड आहे, गाव सुटलं, कमावत्याची जागा सुटली, तालीम आणि मित्र सुटले, आणि याचं दुःख करायची त्याला कोणी परवानगीच दिली नाही कारण "बायकोची प्रगती होतेय ना, मग काय". त्याच्या जोडीला बायकोशी अडलेलं बोलणं. थेरपिस्ट ते बोलणं त्याच्याकडून अक्षरशः करून घेतो, ती नऊला आली, तू काय म्हणालास, ती काय म्हणाली, आता वेगळं कसं म्हणशील, इथेच म्हणून बघ. युगांडातल्या खेड्यांत हीच पद्धत गटाने वापरून बघितली, थोडं प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक लोकांनी ती चालवली आणि २००३ मध्ये निकाल आले तेव्हा डिप्रेशन चांगलं कमी झालेलं दिसलं. माणसांच्या गोतावळ्यात राहणाऱ्यांना ही पद्धत लवकर पटते असं मला वाटतं. अडचण एवढीच की आपल्याकडे तिचं शिक्षण घेतलेले कमी आहेत, शोधावं लागतं.

डीआयटी म्हणजे डायनॅमिक इंटरपर्सनल थेरपी, लंडनमध्ये अलेसांद्रा लेम्मा, मेरी टार्गेट आणि पीटर फोनागी यांनी तयार केलेली, आठवड्याला एक अशी १६ सेशन. हिचा प्रश्नच वेगळा आहे. बायकोच्या आधी कोण? आणि मग निघतं की मोठ्या भावाशीही असंच झालं होतं, जुन्या साहेबाशीही, प्रत्येक वेळी हा मनात धरून बसतो की समोरचा मला खालचा समजतो, राग गिळतो, गप्प होतो आणि समोरचा कंटाळून निघून जातो. हा एकच पॅटर्न धरून पुढची सेशन चालतात. थेरपिस्टने एखाद्या आठवड्यात सुट्टी घेतली आणि हा पुढच्या वेळी तोंड पाडून आला तर त्यावरही बोलतात, कारण तेच तिथेही घडतंय. शेवटाकडे थेरपिस्ट पत्र लिहून देतो, काय समजलं, काय बदललं, काय राहिलं. होमवर्कच्या वह्या नसतात, पण मनातलं उकरून बघायची तयारी लागते आणि ते कधी कधी जड जातं. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना एनएचएस टॉकिंग थेरपीज या सरकारी सेवेकडे स्वतः नाव नोंदवता येतं, मोफत असतं, आणि काही ठिकाणी तिथे डीआयटी मिळते, इंग्लिशमध्ये मन मोकळं होत नसेल तर दुभाषाही मागता येतो. पुण्या-मुंबईत मात्र हेच नाव धरून बसू नका, कमी मुदतीची सायकोडायनॅमिक थेरपी, म्हणजे असे जुने पॅटर्न उकरून बघणारी, करता का असं विचारा.

आता जो माणूस अंथरुणातूनच उठत नाहीये त्याचं काय? त्याला विचार तपास, नाती तपास म्हणणं मला बरोबर वाटत नाही. तिथे बिहेविअरल ॲक्टिव्हेशन, सरळ भाषेत सांगायचं तर मूड यायची वाट न बघता छोट्या ठरलेल्या कृती सुरू करायच्या, सकाळी चालणं, एका मित्राला फोन, आणि त्याने मनाला काय वाटलं ते टिपायचं. यातलं आपल्या शेजारचं उदाहरण म्हणजे गोव्यात संगथ संस्थेने केलेलं काम. सरकारी आरोग्य केंद्रात, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण नीट शिकवलेल्या स्थानिक काउन्सेलरनी फक्त ६ ते ८ सेशन घेतली, तीही जास्त तीव्र डिप्रेशन असलेल्यांसोबत, आणि २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं की ३ महिन्यांनी त्यांच्यातले ६४ टक्के लोक डिप्रेशनच्या मर्यादेखाली आले होते, नुसते नेहमीचे उपचार मिळालेल्यांमध्ये ते प्रमाण ३९ टक्के होतं. शिवाय बायकांवर नवऱ्याकडून होणारी मारहाणही त्या गटात कमी आढळली. म्हणजे नात्याबद्दलची थेरपी नसूनही नात्यापर्यंत परिणाम पोचला.

कपल थेरपी घ्यायची तर दोघांची खरी तयारी हवी, एकाला ओढत नेऊन काही होत नाही. ब्रिटनमध्ये उपचारांबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या नाइस या संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शनातही ही डिप्रेशनसाठी सुचवलीय, जोडीदाराशी असलेल्या अडचणींमुळे डिप्रेशन वाढत असेल तेव्हा, साधारण १५ ते २० सेशन. तिथे कोल्हापूरकर आणि त्याची बायको दोघं मिळून बघतात की ती जितकं खोदून विचारते तितका हा मिटतो आणि हा जितका मिटतो तितकी ती खोदते. पण घरात मारहाण किंवा धमक्या असतील तर जोडीने बसू नका, समोर खरं बोललेलं घरी गेल्यावर महागात पडतं. आधी एकट्याने मदत घ्या, महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे. आणि फॅमिली कोर्टातलं समुपदेशन हा वेगळा प्रकार, ते दाव्यासाठी असतं, त्याला थेरपी समजून समाधान मानू नका.

यातलं काहीही निवडायच्या आधी एकदा डॉक्टरांकडून थायरॉइड तपासून घ्या, आणि मधूनच कधी खूप उत्साह, झोपच नको, पैसे उधळणं असे काळ येऊन गेले असतील तर ते सायकियाट्रिस्टला आवर्जून सांगा, कारण मग आजारच वेगळा असू शकतो. तीव्र डिप्रेशनमध्ये गोळ्या आणि थेरपी दोन्ही मिळून घेतलेलं बरं, गोळ्या म्हणजे हार वगैरे काही नाही. मरणाचे विचार येत असतील तर तुलना वाचत बसू नका, टेलीमानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६ लावा, मोफत आहे, मराठीतून बोलता येतं, किंवा सरळ जवळचं मोठं हॉस्पिटल.

कोल्हापूरकर माझा भाऊ असता तर मी त्याला म्हटलं असतं की पहिले दोन-तीन आठवडे नुसतं चालणं-फिरणं-माणसांत जाणं ठरवून कर, मग आयपीटी, मिळाली नाही तर नात्यांवरही काम करणारा सीबीटीवाला, आणि मध्ये एक-दोन सेशनला बायकोला बोलाव. त्याने मात्र "माझं सगळ्यांशीच असं होतं" असं स्वतःहून म्हटलं तर मी सायकोडायनॅमिककडे पाठवेन. तोवर घटस्फोटाचा किंवा परत कोल्हापूरला जाण्याचा निर्णय पुढे ढकल हेही सांगेन.

पहिल्या फोनवर लाजू नका, विचारा: शिक्षण काय, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असाल तर आरसीआयची (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची) नोंदणी आहे का, डिप्रेशनसाठी कुठली पद्धत वापरता, साधारण किती सेशन, फी किती, आणि फरक पडतोय का ते कसं मोजता. बरेच जण पीएचक्यू-९ ही डिप्रेशन मोजायची प्रश्नावली वापरतात, नऊ प्रश्न, ० ते २७ गुण, तो तुम्ही घरीही दर दोन आठवड्यांनी भरू शकता. पाच-सहा सेशननंतर आकडा जागचा हलला नाही तर गुपचूप जाणं बंद करू नका, थेरपिस्टला तसं सांगा, पद्धत बदलता येते, माणूसही बदलता येतो, आणि चांगल्या थेरपिस्टला याचा राग येत नाही.