१२० सेंटिमीटरचा म्हणून विकलेला ऑक्टाबॉक्स

पोर्ट्रेटसाठी मोठा ऑक्टाबॉक्स, म्हणजे उजेड मऊ करायला फ्लॅशवर लावतात तो छत्रीसारख्या काड्यांचा कापडी बॉक्स, घेताना मी फसले. पैसे गेलेच, पण एका आजींचा फोटो माझ्या हातून बिघडला, त्याचं दुःख जास्त आहे. नवीन स्टुडिओ लावणाऱ्या कुणावर ही वेळ येऊ नये म्हणून घडलं ते सगळं लिहितेय.

माझ्याकडे दोन फ्लॅश होते आणि दोन पांढऱ्या छत्र्या. छत्रीचा उजेड मऊ असतो, पण तो खोलीभर सांडतो. भिंतीवरून, छतावरून उसळून परत येतो आणि हव्या त्या सावल्याही पुसून टाकतो. मला चेहऱ्याच्या एका बाजूने हळूहळू उतरत जाणारी सावली हवी होती. त्यासाठी पुढे ग्रिड, म्हणजे उजेड बाजूंना सांडू न देणारी जाळी, लावता येईल असा खोल बॉक्स घ्यायचं ठरवलं, १२० सेंटिमीटरच्या आसपासचा. बसलेल्या माणसापासून साधारण तेवढ्याच अंतरावर असा बॉक्स ठेवला की चेहरा आणि खांदे दोन्ही छान उजळतात.

ज्याच्याकडून घेतला त्याचं बोलणं गोड होतं आणि माहिती तोंडपाठ. "मॅडम, हा साधा सॉफ्टबॉक्स नाही, डीप पॅराबोलिक आहे. सोळा काड्या, आतून चंदेरी, दोन डिफ्युझर, ग्रिड सोबत." पॅराबोलिक म्हणजे खोल, परावलयी वाटीच्या आकाराचा आणि डिफ्युझर म्हणजे उजेड पसरवणारं पांढरं कापड. मग त्याने याच बॉक्सची म्हणून चार पोर्ट्रेट पाठवली. काय सुंदर होती! गालावरचा उजेड कुठे संपतो आणि सावली कुठे सुरू होते ते कळू नये, अशी. "एकच नग उरलाय, दुसरं गिऱ्हाईक थांबलंय, पैसे थेट माझ्या खात्यात टाकलेत तर स्वस्तात देतो," असं तो म्हणाला. मी पूर्ण रक्कम आगाऊ पाठवली. खरेदीचं साधं बिलसुद्धा मागितलं नाही.

बॉक्स आला. काड्या सोळाच होत्या, ग्रिडही होती. डिफ्युझर मात्र एकच, बाहेरचा. आतला नव्हताच. विचारलं तर म्हणाला, "नव्या मॉडेलला आतल्याची गरज पडत नाही." मी विश्वास ठेवला. दुसऱ्या दिवशी त्या आजी यायच्या होत्या, नातीने खास त्यांच्या फोटोसाठी वेळ घेतली होती.

पहिल्याच फ्रेमला कपाळावर पांढरा डाग. नाकाच्या शेंड्यावर तसाच. सुरकुत्यांच्या कडा चाकूने कापल्यासारख्या. फ्लॅशची ताकद कमी केली, बॉक्स वर घेतला, तिरका केला, पण डाग हटेना. मधेच बॉक्स मान टाकल्यासारखा खाली झुकला. फ्लॅशला जोडणारी स्पीडरिंग प्लास्टिकची होती आणि तिला वजन पेलत नव्हतं. नात ती हाताने धरून उभी राहिली. आजींनी स्क्रीनवर फोटो पाहिला आणि हळूच विचारलं, "माझं कपाळ एवढं चकाकतं का गं?" मला काय बोलावं सुचेना. शेवटी बॉक्स काढला, उघडा फ्लॅश शेजारच्या पांढऱ्या भिंतीकडे वळवला आणि परत येणाऱ्या उजेडात त्यांचे फोटो काढले. ते बरे आले, पण तोवर आजी थकल्या होत्या. सुरुवातीचं हसू परत आलं नाही.

त्या रात्री मी जे तपासलं ते पैसे देण्याआधी तपासायला हवं होतं. आधी टेप लावली. बॉक्सच्या तोंडाचा व्यास भरला ९० सेंटिमीटर. मग १२० आले कुठून? पाठीमागच्या फुगीर बाजूवरून, काडीच्या वळणाने, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टेप नेली तेव्हा बरोबर १२० भरले. छत्र्यांची मापं पुष्कळदा अशी वळणावरून दिलेली असतात हे खरं आहे, पण चेहऱ्यावर उजेड पडतो तो तोंडातून. १२० च्या जागी ९० म्हणजे क्षेत्रफळ निम्म्याहून थोडंच जास्त.

नंतर बॉक्सचाच फोटो काढला. फ्लॅश सगळ्यात कमी ताकदीवर, लेन्सचं छिद्र अगदी लहान, कॅमेरा थेट बॉक्सच्या तोंडाकडे. मध्यभागी पेटलेला गोळा आणि कडेला जवळजवळ अंधार. लाइट मीटर कापडाला टेकवून मोजलं: मध्यावर एफ ११, कडेला एफ ४. मीटरवर एफचा आकडा मोठा तितका उजेड जास्त, आणि एक स्टॉप म्हणजे दुप्पट. इथे तीन स्टॉपचा फरक, म्हणजे आठपट. आतल्या डिफ्युझरचं काम नेमकं हेच असतं, मधला झोत फोडून कडांपर्यंत पसरवणं. तो नसेल तर बॉक्स कितीही मोठा असो, प्रत्यक्षात मधला लहानसा गोळाच उजेड देतो. आणि उजेड जितक्या लहान जागेतून येतो तितका तो कडक. आजींच्या सुरकुत्या का कापल्यासारख्या दिसल्या ते तेव्हा कळलं.

'पॅराबोलिक' या शब्दाबद्दलही सांगते, कारण मी त्या शब्दालाच भुलले. तो आकार खरा कामाला यायचा तर फ्लॅशची नळी त्याच्या फोकस बिंदूवर हवी आणि तिचं तोंड उलटं, आतल्या चंदेरी पृष्ठभागाकडे हवं. फ्लॅश बुडाशी बसवून पुढे तोंड केलं की बराचसा उजेड सरळ बाहेर जातो, आकाराचा उपयोग फारसा होत नाही. माझ्या बॉक्सला दुसरी कुठली जोडणीच नव्हती.

कापडही पिवळसर निघालं. ग्रे कार्ड (राखाडी पुठ्ठा) धरून व्हाइट बॅलन्स घेतला, म्हणजे कॅमेऱ्यात रंग जुळवून घेतले, की एका दिव्यापुरता तो दोष जातो. पण दुसऱ्या बाजूला स्वच्छ पांढरी छत्री लावली की अर्धा चेहरा पिवळा आणि अर्धा निळसर होतो, आणि एकाच दुरुस्तीने दोन्ही बाजू सावरता येत नाहीत.

मग शेवटी मी त्याने पाठवलेली ती चार पोर्ट्रेट उघडली आणि फोटोतले डोळे झूम करून पाहिले. बुबुळात दिव्याचं प्रतिबिंब पडतं, त्याला आपण कॅचलाइट म्हणतो. त्याचा आकार लपत नाही. पहिल्या फोटोत गोल उजेड आणि मध्ये काळपट टिकली होती. ती ब्युटी डिश नावाच्या, फ्लॅशवर लावायच्या उथळ धातूच्या वाटीची खूण, कारण तिच्यात नळीसमोर झाकणीसारखी ताटली असते. त्याखाली एक बारीक पट्टी, हनुवटीखाली धरलेल्या, उजेड परतवणाऱ्या रिफ्लेक्टरची. दुसऱ्या फोटोतही तेच. तिसऱ्यात उभी चौकट आणि तिच्यात आडवा गज, म्हणजे चक्क खिडकी. चौथ्यात लांबट पट्टी, स्ट्रिपबॉक्स नावाच्या अरुंद बॉक्सची. चारही फोटोंत अष्टकोनी किंवा सोळा काड्यांच्या गोलसर तोंडाचं प्रतिबिंब एकाही डोळ्यात नव्हतं. फोटो या बॉक्सने काढलेलेच नव्हते, आणि पुरावा त्याने स्वतः माझ्या हातात दिला होता.

मी मापं, मीटरचे आकडे, फोटो सगळं पाठवलं. आधी तो म्हणाला फ्लॅश खराब असेल. मग म्हणाला, "आमच्याकडे माप असंच घेतात." मग, वापरलेला माल परत घेत नाही. त्यानंतर उत्तरं बंद. बिल नाही, पैसे थेट खात्यात गेलेले, त्यामुळे दाद मागायला माझ्या हातात फारसं काही उरलं नव्हतं. तरी तक्रार नोंदवली आहे.

आता मी कुणाकडूनही बॉक्स घेताना तीन फोटो मागते: तोंडावर आडवी टेप लावलेला, आतला डिफ्युझर बसवलेला, आणि पेटलेल्या बॉक्सचा समोरून, कमी उजेडात काढलेला. स्पीडरिंग धातूची आहे का हेही विचारते. खरा विक्रेता यातलं काही टाळत नाही. माझ्या आत्ताच्या बॉक्सवाल्याने न विचारता आतली शिवणसुद्धा दाखवली.

गेल्या आठवड्यात नुकतंच काम सुरू केलेल्या एका मुलाने मला चार पोर्ट्रेट पाठवली आणि विचारलं, "ताई, हा पॅराबोलिक घेऊ का? एकच नग उरलाय म्हणतायत." तेच चार फोटो. मी त्याला फोटोतले डोळे झूम करून बघायला सांगितलं. थोड्या वेळाने त्याचा निरोप आला: "यात तर खिडकी दिसतेय." पैसे त्याने पाठवले नव्हते. पेटलेल्या बॉक्सचा समोरून फोटो तेवढा मागितला. तो अजून आलेला नाही.